पोटात किती गेलं?

दुबईजवळच्या अजमानमध्ये आमच्या बिल्डिंगमधली मराठी मंडळी अधूनमधून कुणाकडे तरी जमतात. एखादं नवीन जोडपं आलेलं असतं. ओळखी होतात, मी कुठे काम करते ते त्यांना कळतं आणि त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. "कॅन्सर वॉर्डात? बाप रे. डिप्रेशन नाही का येत?"

येतं कधी कधी. पण खरं सांगू का, आमच्याकडे दिवसभर सगळ्यात जास्त चर्चा कशाची होत असेल तर जेवणाची. सकाळी काय खाल्लं, किती खाल्लं, राहिलं का पोटात, डब्यात काय उरलं. औषध डॉक्टर लिहून देतात, डाएट चार्ट डाएटिशियन देते. पण तो कागद आणि पेशंटचं तोंड यांच्यामध्ये जी वीतभर जागा असते, तिथे आम्ही नर्सेस उभ्या असतो. मी चौदा वर्षं उभी आहे. त्यामुळे किस्से साठलेत. स्वयंपाकघरात एका मोठ्या पिशवीत आपण बाकीच्या पिशव्या कोंबून ठेवतो ना, तसे. एक ओढायला जावं तर बरोबर दुसरी चार बाहेर येतात.

दोन माणसांची ओळख आधी करून देते. एक लिसी चेची. चेची म्हणजे मल्याळममध्ये मोठी बहीण. कोट्टयमची, बावीस वर्षं दुबईत, आमच्या केमो युनिटची सीनियर. हिंदी मोडकं, अरबी फर्डं. दुसरी हाला, आमची डाएटिशियन, लेबनॉनची. कॅलरी आणि प्रोटीन याशिवाय दुसरं काही बोलत नाही. पेशंटची नावं मात्र मी बदलली आहेत.

*

कदमसाहेबांचा स्वतःचा प्लंबिंग काँट्रॅक्टिंगचा धंदा. तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन चालू होतं. घसा आतून सोलवटून निघालेला, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन आणखी दोन किलो उतरलं तर नाकातून नळी घालून त्यातूनच खाणं द्यावं लागेल.

पुढच्या सोमवारी काट्यावर उभे राहिले तर वजन एक किलो दोनशे ग्रॅमने वाढलेलं. मी खूश. चेची काट्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती त्यांच्या घड्याळाकडे. ते मनगटावरून थेट कोपराच्या दिशेने घसरत होतं.

"कदमसाब, पॉकेट खाली करो," चेची म्हणाली.

दोन मोबाइल निघाले. किल्ल्यांचा जुडगा निघाला. मेजरिंग टेप निघाली. एसी फार असतो म्हणून घातलेल्या जॅकेटच्या आतल्या खिशातून एक पितळी व्हॉल्व्ह निघाला.

"अहो, हा कुठून आणलात?" त्यांच्या मिसेसनी विचारलं.

"साइटवरचं सॅम्पल आहे," ते म्हणाले.

चेचीने व्हॉल्व्ह शांतपणे काट्यावर ठेवला. सातशे ग्रॅम. मग फाइलमध्ये खरं वजन लिहिलं. कदमसाहेब खाली बघत म्हणाले, "सिस्टर, नळी नको. पोरं घाबरतील मला बघून."

चेची ड्यूटीवर कधी बसत नाही. तेव्हा मात्र स्टूल ओढून बसली. घसा कधी कमी दुखतो, गार बरं वाटतं की कोमट, सगळं विचारून घेतलं. वेदनेचं औषध घेतलं की अर्ध्या तासाने थोडा आराम पडतो असं ते म्हणाले. "मग तेव्हाच खायचं. तीनदा नाही, आठदा. थोडं थोडं," ती म्हणाली. मी त्याचं मराठी करून मिसेसना सांगितलं: गार केलेली नाचणीची खीर, तुपातला पातळ शिरा, दुधात कुस्करलेलं केळं, घट्ट सूप गाळून. व्हॉल्व्ह चेचीने जप्त करून ड्रॉवरमध्ये टाकला.

त्यानंतर वजन उतरलं, पण नऊशे ग्रॅमच. नळी टळली. शेवटच्या रेडिएशनच्या दिवशी कदमसाहेबांनी आपला व्हॉल्व्ह मागितला. चेचीने दिला. तो त्यांनी जॅकेटच्या खिशात ठेवला आणि सरळ जाऊन काट्यावर उभे राहिले.

"आता एकदा लिहा सिस्टर," म्हणाले, "जाताना फाइलमध्ये जरा चांगला आकडा राहू दे."

*

दुबईतल्याच मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमधून टेकबहादूर यायचा. नेपाळी, चाळिशीचा, बांधकामावर सळया बांधायचं काम करणारा. केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर त्याचं खाणं एकदम बंद पडलं. मी विचारलं, तर म्हणाला, "सिस्टर, सब लोहा लगता है."

केमोत असं होतं. तोंडाला धातूची चव येते. पण तो स्वतःच हसून म्हणाला, "अठरा साल लोहा बांधा, अब खाने में भी वही मिला."

आम्ही त्याला स्टीलच्या ताटाऐवजी प्लॅस्टिकची वाटी आणि लाकडी चमचा दिला, जेवणाआधी मीठ-सोड्याच्या पाण्याची चूळ भरायला सांगितली. चव थोडी सुधारली. पण खरी अडचण वेगळीच होती. त्याच्या हातात इंग्रजीत छापलेला कागद होता, मऊ आणि कमी तिखटाचं खा असा. आणि खोलीत सहाजण मिळून एकच स्वयंपाक करायचे. लाल रस्सा, वर तरंगणारं तेल. तोंडात फोड असलेल्या माणसाने त्यातलं काय खायचं?

मी तो कागद बाजूला ठेवला. "लहानपणी ताप आला की आई काय करून द्यायची?" असं विचारलं.

त्याचा चेहराच बदलला. "जाउलो," म्हणाला. म्हणजे आपली डाळ-तांदळाची गुरगुट्या खिचडी. त्याच्या खोलीत स्वयंपाक रामप्रसाद करायचा. मी त्याला तिथूनच फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सांगितलं: जाउलो करायचा, त्यात अंडं फोडून घालायचं, वरून मोठा चमचा तूप. मिरची अजिबात नाही. रोज. रामप्रसाद "जी सिस्टर, जी सिस्टर" करत राहिला.

तीन आठवड्यांनी टेकबहादूरचं वजन स्थिर झालं. एका रविवारी त्याच्या खोलीतले चौघेजण त्याला भेटायला आले. सगळे गुटगुटीत दिसत होते, पण नाराज. त्यांच्यातला एकजण धीर करून माझ्याकडे आला.

"सिस्टर, ये कब तक ठीक होगा?"

मी म्हटलं, सुधारतोय, अजून तीन सायकल आहेत. काळजी करू नका.

"काळजीचं नाही," तो हिंदीत म्हणाला. "रामप्रसाद दोन वेगळे स्वयंपाक करत नाही. महिना झाला, आम्ही सगळेच जाउलो खातोय."

*

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला राहणाऱ्या एका मुलाने साताऱ्याहून आईला ट्रीटमेंटसाठी आणलं होतं. लीलाकाकू. पोटाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, आता केमो. काकूंचा स्वभाव गोड, फक्त उपास सोडायला तयार नाहीत. संकष्टी, एकादशी, सोमवार.

हालाला हे कळलं तेव्हा ती हादरली. "फास्टिंग? वजन बेचाळीस किलो आहे तिचं. वैशाली, तू तिच्या भाषेतली आहेस, तू सांग तिला."

मी काकूंच्या खुर्चीपाशी गेले. शेजारी नातू टॅबवर गेम खेळत बसला होता. "काकू, उपासाला तुम्ही काय काय घेता?"

काकूंनी बोटं मोजायला सुरुवात केली. "सकाळी दूध आणि दोन खजूर. मग साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट घालून, साजूक तुपातली. दुपारी वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, वाटीभर दही. चारला राजगिऱ्याचा लाडू. रात्री रताळ्याचा कीस. आणि झोपताना परत दूध."

"आणि उपास नसेल तेव्हा?"

"तेव्हा कुठलं गं. भूकच नसते. अर्धी पोळी. कधी नुसता चहा."

नातू टॅबमधून मान वर न करता म्हणाला, "शी ओन्ली ईट्स व्हेन शी इज फास्टिंग."

मी दोन्ही दिवसांचा हिशोब इंग्रजीत लिहून हालाला दिला. तिने मोबाइलवर कॅलरी जुळवल्या. एकदा, मग पुन्हा एकदा. दाण्याच्या कुटापाशी बराच वेळ थांबली. काकूंचं पोट लहान झालेलं, त्यामुळे प्रत्येक गोष्ट कमी कमी आणि जास्त वेळा घ्यायची, एवढाच बदल तिने सुचवला. मग खुर्ची जवळ ओढून मला हळूच म्हणाली,

"तुमच्या धर्मात हे दिवस वाढवता येतात का?"

*

रमदानमधली गोष्ट. उम्म सालेम नावाच्या एक बाई यायच्या. उम्म सालेम म्हणजे सालेमची आई. इथे वयस्कर बायकांना मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारतात. सत्तरीच्या, करारी. केमो चालू असताना रोजे धरणार म्हणून हटून बसल्या. पाणीसुद्धा घेईनात. रक्ताच्या रिपोर्टमध्ये किडनीवर ताण दिसायला लागला. डॉक्टरांनी सांगून झालं, मुलाने पाया पडून झालं. एकच उत्तर, "मी साठ वर्षांत एक रोजा सोडला नाही."

चेचीने वाद घातला नाही. गळ्यात क्रॉस घालून आपण त्यांना धर्म शिकवायचा नाही, असं तिचं म्हणणं. तिने सालेमला विचारलं, तुमच्या मशिदीचे इमाम आईला ओळखतात का? ओळखत होते. सालेमने तिथल्या तिथे फोन लावला आणि आईच्या हातात दिला. पलीकडून शांत आवाज येत होता. चेची मला त्याचा अर्थ हळू आवाजात सांगत होती. आजारी माणसाला सूट आहे. अल्लाने दिलेली सूट नाकारू नका. सुटलेल्या प्रत्येक रोज्यासाठी एका गरिबाला, मिस्कीनाला, जेवू घाला.

उम्म सालेमनी फोन खाली ठेवला. डोळे मिटून पडून राहिल्या. बऱ्याच वेळाने चेचीकडे हात पुढे केला आणि पाणी मागितलं. पाणी पिताना रडत होत्या. चेची ग्लास धरून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर भलंमोठं पातेलं घेऊन हजर. आत हरीस, गहू आणि मटण घोटून केलेलं, वर तूप. आम्हाला वाटलं, त्यांचंच जेवण आहे. चेचीने वाटीत वाढून त्यांच्यापुढे ठेवलं, तर त्यांनी वाटी परत चेचीच्या हातात दिली.

"तुम्ही खा. मी तीन महिने बघतेय. सकाळी सातला येता, दुपारी तीनपर्यंत कुणी जेवत नाही. उभ्या उभ्या बिस्किटं खाता."

मग सालेमकडे वळून म्हणाल्या, "मिस्कीन शोधायला बाहेर जायची गरज नाही. चार जणी इथेच आहेत."

पडद्याआड बसून आम्ही जेवलो. आमच्याबरोबर त्याही अर्धी वाटी जेवल्या. मग त्यांची ट्रीटमेंट असेल त्या दिवशी पातेलं ठरलेलंच. चेचीचं वजन रमदानमध्ये दोन किलो वाढलं.

*

निखिल आणि केतकी पुण्याचे. तो आयटीत, ती शाळेत शिकवायची. केतकीला ब्रेस्ट कॅन्सर. निखिलने पहिल्याच दिवशी लॅपटॉप उघडून मला एक्सेल शीट दाखवली. साखर बंद, दूध बंद, भात बंद, तळलेलं बंद. उकडलेल्या भाज्या, गव्हांकुराचा रस, हळदीचं पाणी, सगळं वेळेनुसार. हिरवे, लाल, पिवळे रंग भरलेले.

दोन महिन्यांत केतकी सहा किलो उतरली. मी निखिलला सांगायला गेले की हिला आत्ता ताकद हवी, जे आवडेल ते खाऊ दे. तो तुटकपणे म्हणाला, "सिस्टर, तुम्ही डाएटिशियन आहात का?" हालाने येऊन तेच सांगितलं, तर तिला त्याने इंटरनेटवरचे तीन व्हिडिओ दाखवले. मला राग आला होता, लपवत नाही. घरी जाऊन नवऱ्याजवळ कुरकुरले देखील.

पुढच्या वेळी मी फक्त एवढंच म्हटलं, "निखिल, आज एक काम करा. केतकीबरोबर तिचाच डबा जेवा. एकटीला जेवायला कंटाळा येतो."

त्याने डबा उघडला. मिठाशिवाय उकडलेला दुधी. पहिला चमचा खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसरा तोंडाजवळ नेऊन खाली ठेवला. केतकी त्याच्याकडे बघत होती. हे ती रोज दोन वेळा खात होती, तक्रार न करता, तो पहाटे उठून करतो म्हणून.

तो उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं चिडला. दहा मिनिटांनी खालच्या कॅफेटेरियातून कॅरॅमल कस्टर्डचे दोन कप घेऊन आला. केतकीने पूर्ण कप संपवला, मग त्याच्यातलंही अर्धं खाल्लं.

मी सलाइन बदलत होते. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "सिस्टर, केमो तुम्ही देता. स्कॅन ते करतात. ऑपरेशन सर्जन करणार. माझ्या हातात काहीच नव्हतं हो. एक्सेल तेवढं होतं."

मी त्याला एक्सेल बंद करायला सांगितलं नाही. फक्त एक कॉलम वाढवायला सांगितला, आज तिला काय खावंसं वाटलं. पुढच्या सायकलला त्याने शीट दाखवली. त्या कॉलममध्ये पहिल्या ओळीत लिहिलं होतं: मिसळ.

*

आता करमरकरांचं सांगते.

करमरकर एका शिपिंग कंपनीतून रिटायर व्हायच्या बेतात होते. मुलगा कॅनडात. इथे दोघंच, ते आणि सुनंदाताई. आजार हाताबाहेर गेला होता आणि ते दोघांनाही सांगितलेलं होतं. वॉर्डात कोपऱ्यातली खोली. आता आमचं काम त्यांना दुखू नये, श्वास लागू नये, तोंड कोरडं पडू नये, एवढंच.

सुनंदाताई रोज बाराला डबा घेऊन यायच्या. मऊ भात, तूप, मेतकूट, लिंबाची फोड. हात धुवायच्या, त्यांच्या गळ्याशी नॅपकिन लावायच्या, पलंगाची पाठ वर करून घ्यायच्या आणि भरवायच्या. ते चार चमचे घ्यायचे. मोजून चार. मग मान हलवायची, पुरे. ताई खूश व्हायच्या, "आज चार घेतले हो सिस्टर," असं मला सांगायच्या आणि डबा विसळायला पॅंट्रीत जायच्या.

त्या दाराबाहेर गेल्या की करमरकर माझ्याकडे बघून बोट वर करायचे. मी उशीजवळच्या बॉक्समधून दोन-तीन टिश्यू काढून तोंडाशी धरायचे. चारही चमचे गालात तसेच असायचे. ते बाहेर काढायचे, मी ओल्या गॉजने तोंड आतून पुसून घ्यायचे, काही घशाकडे राहिलं नाही ना ते टॉर्चने बघायचे. ताई परत यायच्या आत टिश्यू माझ्या एप्रनच्या खिशात.

पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "तिला सांगू नका. भात स्वतः करते ती."

मी चार्टमध्ये खरं लिहायचे. डॉक्टरांना सांगितलं होतं, चेचीला सांगितलं होतं. घास घशात अडकला तर जिवाला धोका, त्यामुळे ताई भरवत असताना मी खोलीतून हलायची नाही. काही ना काही काम काढून तिथेच थांबायची. पण ताईंना सांगितलं नव्हतं आणि ते मला टोचत होतं. चेची म्हणाली, "सांग तिला. प्रेमाने सांग. त्याच्या शरीराला आता अन्न नको आहे, ओठ ओले ठेवलेस तरी पुष्कळ, असं सांग. नाहीतर नंतर तिला वाटत राहील, चार चमचे खात होता, मग का गेला?"

मला ते पटलं. नवव्या दिवशी ठरवलंच. ताई पॅंट्रीत डबा धूत होत्या, पाठमोऱ्या. मी काय बोलायचं ते मनात जुळवत आत गेले. एप्रनचा खिसा अजून ओला होता.

"ताई, तुम्हाला एक सांगायचं होतं."

त्यांनी नळ बंद केला. डब्याचं झाकण पुसलं, मागून पुसलं, परत पुढून पुसलं. माझ्याकडे वळल्या नाहीत.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "त्यांच्या उशीजवळचा टिश्यूचा बॉक्स संपत आलाय. उद्या बाराच्या आत नवा ठेवाल का?"